पाठ नाही तर भाकर नाही

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट याहासमोर आलं आणि पंचांनी ते तिच्या डोक्यावरून उचलून माझ्यापुढे धरलं. याहा म्हणजे माझी आई. तिचा हात तसाच पुढे.

"हिले पाठ येत नै, नि हात पुढे करी ऱ्हायनी," पंच बाजूच्या गुरुजींना म्हणाले. हळू नाही. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं.

तालुक्याच्या गावातलं आमचं चर्च. पंचांचा नियम असा, की विश्वासांगीकार, म्हणजे देवावरच्या विश्वासाचा ठरलेला पाठ, मराठीत, न अडखळता म्हणून दाखवील त्यालाच भाकर. याहाला फक्त भिली येते. देवाशी ती त्याच बोलीत बोलते, शेजारणीशी बोलावं तशी. त्या दिवशी पाड्यावरून चालत आलेली, उपाशी.

मी आश्रमशाळेत शिकलेली. मला पाठ होतं. मी भाकर घेतली. आईच्या देखत चावली, गिळली. हे लपवणार नाही.

परतताना जीपमध्ये याहा डोळे मिटून पुटपुटत होती. कान दिला तर पंचांच्या बायकोचं नाव. ती बाई कधीची अंथरुणावर. दर बाजाराला याहा तिच्या उशाशी जाऊन प्रार्थना करायची, पाय चोळून द्यायची. तेव्हा पंचांनी पाठ विचारला नव्हता.

मला शब्द न् शब्द येत होता. आणि त्या बाईसाठी मी एकदाही डोळे मिटले नव्हते.

पुढच्या महिन्यात ताट आलं. मी तुकडा मोडला, अर्धा याहाच्या हातावर ठेवला.

"पोरी, नियम शे," पंच म्हणाले.

"कोणी केला, काका?"

"मंडळीनं."

"मग आम्ही कोण?"

उपासना चालवणारे पाळकसाहेब पुस्तकात पान शोधत राहिले. याहा घाबरली. मला म्हणाली, परत ठेव. मी ठेवला नाही. तिनं खाल्लाही नाही. मुठीत धरून बसली, उपासना संपेपर्यंत.

माझं नाव मंडळीच्या यादीतून काढलंय. काढू द्या. मी पाड्यापाड्यावर जाते, विचारते, ताट आणखी कोणाकोणाच्या डोक्यावरून गेलं. बायका सांगतात. येत्या प्रभुभोजनाला आम्ही सगळ्या पुढच्या बाकावर बसणार. पाठ म्हणणार नाही. ताट न्यायचं असेल तर आमच्या हातातून ओढून न्यावं लागेल, सगळ्यांच्या देखत.