नातीच्या कॉलेजात माझं निधन

भिंतीवर माझ्या निधनाची बातमी लावलेली होती आणि खाली उभी राहून मी ती वाचत होते. फोटो कुठल्यातरी लग्नातला, कापून काढलेला. माझ्या खांद्यावर कोणाचा तरी हात तसाच राहिला होता. मी चौथीपर्यंत शिकले आहे, बोट ठेवून वाचते, त्यामुळे मरायला वेळ लागला. आज पहाटे अल्पशा आजाराने. मनमिळाऊ स्वभाव. धार्मिक वृत्ती. गावात हळहळ.

मी मनमिळाऊ नाही. आसेगावात कोणालाही विचारा. देवळात जाते ती एकादशीला, रताळी विकायला.

बातमीखाली माझ्या नातीचं नाव होतं. ती माझ्याशेजारीच उभी होती.

"मेली का वं मी?"

"सराव हाये तो, आजी. सरांनी सांगितलं, घरच्याच मानसाची निधनवार्ता लिवा. माहिती तपासता येते."

"मंग बापाले काहून नाही मारलं?"

"पप्पांचा फोटो भेटला नाही."

मी तिथे मरायला गेले नव्हते. पत्रकारितेची पदवी बघायला गेले होते. बारावीनंतर पोरीने हट्टाने त्या तीन वर्षांच्या पदवीला नाव घातलं. तिच्या बापाला, म्हणजे माझ्या मुलाला, नर्सिंग हवं होतं. "गावात पेपर येतात दोन. हे शिकून का लोकाईले वाचून दाखवशीन?" असं तो रोज विचारायचा. दिवाळी भांडणात गेली. शेवटी तो मला म्हणाला, "माय, रोपं तूच पारखतं. हे कॉलेजबी पाहून ये. तू नाही म्हनलं का तिचं नाव काढतो." पोरगी कबूल झाली. दुसरा इलाजच नव्हता तिला.

आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. वांग्या-मिरचीची रोपं विकत घेताना मी पाला बघत नाही. विकायला ठेवलेल्या रोपांचा पाला हिरवाच असतो. मी ट्रेमधून एक रोप उपसते आणि मूळ बघते. पांढरं असलं, मातीला धरून असलं, तर घेते. काळं असलं तर गाडी परत पाठवते, मग तो रोपवाला नात्यातला का असेना.

पालक मेळाव्याच्या दिवशी विभागाच्या मोठ्या सरांनी मला आधी पालाच दाखवला. चकचकीत पुस्तिका. तिच्यावर टीव्हीवर बोलणाऱ्या बाईचा फोटो.

"हे इथंच शिकली का?"

"नाही आजी, तो नुसता नमुना आहे."

मग स्टुडिओ. स्टुडिओला कुलूप. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई निवडणुकीच्या कामावर. काचेतून पाहिलं, कॅमेऱ्यावर प्लास्टिक आणि प्लास्टिकवर धूळ होती. मी विचारलं, मागच्या वर्षी शिकून गेलेली पोरं कुठे आहेत? सरांनी बोटांवर मोजली. एक अकोल्याला पेपरात, एक पुण्याला, एकीचं लग्न झालं, दोघं परीक्षा देत आहेत.

"अन् बाकीचे?"

"संपर्कात नाहीत."

मी मनात नर्सिंग ठरवून टाकलं. नातीच्या ते लक्षात आलं, कारण ती ओढणीचं टोक चावायला लागली. आणि त्यानंतर ही भिंत.

बातमीच्या कडेला लाल शाईने लिहिलं होतं. 'कोण म्हणालं? डॉक्टर? घरचे? मनमिळाऊ कशावरून?' खाली दहापैकी दोन.

"दोन तरी कायचे देले?" मी सरांना विचारलं.

"नाव आणि गाव बरोबर आहे," ते म्हणाले. हसले नाहीत. हा माणूस मला तेवढ्यापुरता आवडला.

तेवढ्यात नातीचा फोन वाजला. तिचा बाप ओरडत होता, तो मलाही ऐकू आला. "माय तुयाजोळ हाये ना? इथं मानसं रडून राह्यली!"

बस मिळून घरी पोचेपर्यंत दोन-अडीच तास गेले. अंगण माणसांनी भरलं होतं. मुलगा सगळ्यांना सांगत होता की माय जिवंत आहे, फोनवर बोलली. लोक त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते, म्हणत होते, रडून घे बाबू, मन मोकळं होईल. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारणीने पिठलं-भाकरी आणली होती. कामरगावची माझी नणंद जीप करून आली होती. वाटणाच्या एका पाट्यावरून तिने दहा वर्षं माझ्याशी अबोला धरला होता. सगळ्यात मोठा आवाज तिचाच.

मी फाटकातून आत आले. आवाज बंद झाला.

नणंद मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "जिती होती तं आमाले कायले बलावलं?"

"मी कायले बलावू? तो पाटा आनला का?"

ती पुन्हा रडायला लागली, पण आता रागाने.

नातीने पिशवीतून वही काढली. मला वाटलं, लाजेने घरात जाईल. ती गेली नाही. आत्याआजीपुढे बसली आणि विचारलं, "आत्याआजी, तुमाले कोनं सांगितलं?" तिला चुलत भाच्याने. भाच्याला फोनवर आलं होतं, गावाच्या ग्रुपवर. ग्रुपवर रेशन दुकानदाराने टाकलं होतं. तो डोक्याला रुमाल बांधून पुढेच बसला होता. त्याचीही पोरगी त्याच कॉलेजात. मेळाव्याला आला, भिंत बघितली, फोटो काढला आणि घाईने गावी आला.

"काका, बातमीत पहाटे लिवलं हाये ना?"

"हो बाई."

"अन् आजी तुमाले कितीले भेटली?"

"नऊले. स्टँडवर. तमाकू मांगतली मले."

"मंग?"

त्याने डोक्याचा रुमाल सोडला. "आता बाई, छापून होतं ना," तो म्हणाला.

तिने ते जसंच्या तसं लिहून घेतलं. मग वही माझ्याकडे वळवली. "आजी, तुमाले काय म्हनायचं हाये?"

"भाकरी थंडी होऊन राह्यली. आलेच तं खाऊन जा."

तेही तिने लिहिलं. ओट्यावर बसून पाच ओळींची बातमी केली आणि त्याच ग्रुपवर टाकली. कोणी पसरवलं, कशावरून, त्याला मी कुठे आणि किती वाजता भेटले, सगळं त्यात होतं. दुकानदाराला आधी वाचून दाखवली. त्याने तमाकूचं काढायला सांगितलं. तिने काढलं नाही. मीही सांगितलं. तरी नाही. मनमिळाऊ कुठेच नव्हतं.

माणसं जेवून गेली. मग मुलाने विचारलं, "कॉलेज कसं हाये, माय?"

पोरगी भांडी घासत होती. तिचा हात थांबला.

"पुस्तक खोटं हाये. स्टुडिओले कुलूप हाये. तो शिपाई येते का नाही, पाहाले मी पुन्हा जाईन. पन मास्तर बातमी उपसून मूळ पाह्यते. राहू दे तिले तिथं."

आत भांडी पुन्हा वाजायला लागली.

नात आता दुसऱ्या वर्षाला आहे. भिंतीवरचा तो कागद सरांनी काढलेला नाही. नवीन पोरांना दाखवतात म्हणे. त्यात आज पहाटे वारलेली बाई मी आहे. आसेगावला राहते.