येथे हमाल ठेवलेला नाही

"खांदे बघा हिचे. वडील हमाल होते."

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो खांदा पाहुण्यांना दाखवला. रविवारची सकाळ. बाणेरमधला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. टेबलावर इडल्या, चटणी, फिल्टर कॉफी. माझ्या दोन्ही हातांत डंबेल. मी मॅडमना व्यायाम शिकवायला जायचे. पाहुणे लवकर टपकले म्हणून त्या दिवशी व्यायाम अर्धवट राहिला होता. पाहुण्यांनी बघितलं. मंडईत भेंडी मोडून बघतात तसं बघितलं. एक बाई म्हणाल्या, "खरंच की." एकाने चटणी मागितली.

मॅडम बोलतच होत्या. "हे जिममध्ये येत नाही हो. रक्तातच लागतं. मला काही हिच्यासारखं दिसायचं नाहीये. म्हटलं, बास आता हे डंबेल-बिंबेल."

साहेब चमच्याने इडली तोडत म्हणाले, "सरळ आहे. वजनं उचलणं म्हणजे हमाली. आपल्याला मशीन."

मी डंबेल खाली ठेवले. आवाज न करता ठेवले, कारण खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार येते. एवढं ऐकूनही मला काळजी कुणाची, तर त्यांच्या शेजाऱ्यांची. जिना उतरताना स्वतःचाच संताप आला.

मी कसबा पेठेतली. आप्पा, म्हणजे माझे वडील, रविवार पेठेत हातगाडी ओढायचे. धान्याची पोती, साखरेची पोती, कापडाचे गठ्ठे. कमरेला पोतं ओढायचा लोखंडी आकडा, डोक्याला फडकं. एकदा पोतं खांद्यावरून सटकलं, खांदा निखळला, काम सुटलं. पण माणूस आहे अजून. मॅडमनी त्यांना जिवंतपणी 'होते' करून टाकलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी तालीम आहे. आत भिंतीवर पाटी: 'वजने उचलणाऱ्याने जागेवर ठेवावीत. येथे हमाल ठेवलेला नाही.' अख्खी पेठ ह्या पाटीवर खूश. घरी पाहुणे आले की मुद्दाम दाखवायला नेत. मी नुकतीच वाचायला शिकले होते तेव्हा दारातूनच ती आप्पांना मोठ्याने वाचून दाखवली. आप्पांना अक्षरओळख नाही. घामाने भिजलेले, गाडी टेकवून उभे होते. त्यांनी ऐकलं. म्हणाले, "बरं." आणि गाडी ओढत पुढे गेले. मला वाटलं, आप्पांना विनोद कळत नाही.

तालमीत मुलींना मज्जाव. मी खिडकीतून बघायचे. बार हातात आला तो कॉलेजच्या जिममध्ये. जड वस्तू उचलायची, आपल्याला वाटेल तेव्हा खाली ठेवायची, आणि कुणी ओरडत नाही, हे मला नवीनच होतं. आमच्या घरात जड वस्तू म्हणजे कुणाची तरी घाई. मग कोर्स केला, सर्टिफिकेट घेतलं, घरोघरी जाऊन शिकवायला लागले.

आणि तालमीच्या अध्यक्षांच्या मागे लागले. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. दुपारी पुणं झोपतं, तालीम रिकामी असते, तेवढा वेळ बायकांना द्या. खूप हेलपाटे घातल्यावर भाऊंनी दिला. तोंडी दिला, उपकार म्हणून दिला. पोळ्या लाटणाऱ्या, धुणीभांडी करणाऱ्या, शिलाई करणाऱ्या बायका यायला लागल्या. आमच्याच गल्लीतली नसीमभाभी दिवसभर शिलाईच्या मशीनवर वाकलेली असते. बार घेऊन ती पहिल्यांदा ताठ उभी राहिली तेव्हा म्हणाली, "आज कमरेने माझं ऐकलं." बाणेरच्या कामावर माझं घर चालायचं. पण माझा जीव होता त्या दुपारीत. ती जाऊ नये म्हणून मी बरंच काही गिळलं.

मशीन आलं ते खोक्यांतून. कंपनीची माणसं खोकी पार्किंगमध्ये टाकून गेली, जोडणारे दुसऱ्या दिवशी येणार होते. सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाटी: 'लिफ्ट माणसांसाठी आहे, सामानासाठी नाही.' वॉचमन गेट सोडेना. नेमकी तेव्हाच मी पोचले. मला बघून साहेबांचा चेहरा खुलला.

"अगं, तू आहेस की."

मी म्हणाले, मी शिकवायला आलेय.

"मग हाच आजचा व्यायाम समज."

आणि मी उचललं. आजही आठवलं की डोक्यात तिडीक जाते. नाही म्हणायला तोंड उघडलंच नाही. लोखंडी प्लेटा, दांडे, पाट, एकेक करून जिन्याने वर. साहेब दार उघडं धरून उभे, तेवढे कष्ट त्यांनी घेतले. मॅडम माझ्या मागे फोन घेऊन. "भिंतीला लागू देऊ नकोस, आत्ताच रंग दिलाय." त्या माझा व्हिडिओ काढत होत्या हे वर पोचल्यावर कळलं. त्यांनीच दाखवला. मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकून मोकळ्या झाल्या होत्या. खाली लिहिलं होतं: 'आमची ट्रेनर कम हमाल. टू इन वन.' त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

मी हसले नाही. तर म्हणतात कशा, "तुला विनोद कळत नाही का गं?"

लहानपणी आप्पांबद्दल मी हेच म्हटलं होतं.

गंमत बघा. डंबेल, बार ह्यांना आम्ही सुटी वजनं म्हणतो. ह्या लोकांना सुटी वजनं नकोत म्हणून मशीन आणलं, आणि ते मशीन घरात यायला कुणालातरी सुटं सुटं वजनच उचलावं लागलं. उचलणारं माणूस फक्त वेगळं.

मशीन उभं राहिलं. काळं, चकचकीत, देव्हाऱ्यापेक्षा मोठं. बसायला गादी, पाठीला टेकायला गादी. दांडा कुठून निघणार, कुठे थांबणार, सगळं आधीच ठरलेलं. तोल सांभाळायचा नाही, पाय रोवायचे नाहीत, वजन अंगावर येईल ही धास्ती नाही. आपण फक्त ढकलायचं. वजन किती हे एका पिनेवर ठरतं, ती प्लेटांच्या भोकात सरकवायची. आणि ती सरकवायला मी.

"पिन खाली घे गं." "अगं, वर घे, वर." मॅडम गादीवर, मी फरशीवर गुडघे टेकून. माझं सर्टिफिकेट त्या भोकात गेलं.

मशीनशी माझं वैर नाही. आप्पांचा खांदा धरला तेव्हा फिजिओथेरपीच्या अशाच एका मशीनवर त्यांचा हात पुन्हा डोक्यापर्यंत गेला. आजाऱ्याला टेकू लागतो, म्हाताऱ्याला लागतो, त्यात कमीपणा कसला? पण धडधाकट माणसाने टेकून बसायचं, आखलेल्या रस्त्यावरून दांडा ढकलायचा, त्याला ताकद म्हणायचं, आणि स्वतःच्या पायांवर उभं राहून उचलणाऱ्याला हमाल म्हणायचं? ह्या लोकांचं अख्खं आयुष्य तसंच आहे. खाली गादी, मागे बापजाद्यांची गादी, रस्ता आखलेला, आणि पिन सरकवायला फरशीवर कुणीतरी बसलेलं. वर मैत्रिणींना सांगायचं, मी चाळीस किलो मारते.

आणि ह्या चाळीस किलो मारणाऱ्या मॅडम मी निघाले की म्हणायच्या, "जाता जाता तेवढा पाण्याचा जार लावून जा ना. माझी पाठ धरेल." जार मशीनवर बसत नाही. त्याला पिन नाही. आतलं पाणी हिंदकळतं आणि उचलणाऱ्यालाच सांभाळावं लागतं. मी लावायचे. मुकाट्याने लावायचे.

एका संध्याकाळी हे सगळं आप्पांपुढे ओकले. व्हिडिओ, पिन, जार. म्हटलं, आप्पा, शेवटी मी पण हमालच झाले की.

आप्पांनी खांदा चोळला. मग म्हणाले, "न्हाई. म्या जे वाह्यलं ते वझं. वझं दुसऱ्याचं आसतं. कुटं न्यायचं ते बी त्योच सांगतो. तू तालमीत उचलतीस ते वजन हाय. तुझं तूच उचलतीस, तुझं तूच ठिवतीस. ह्यात घोळ करू नगंस."

मी म्हटलं, आणि जार?

"त्ये वझं," आप्पा म्हणाले. "त्ये कशापायी उचलतीस?"

 तालमीतली पाटी त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळली. 'हमाल ठेवलेला नाही.' ठेवलेला. कुत्रा ठेवतात, गाडी ठेवतात, तसा. आप्पांनी दारात उभं राहून ते ऐकलं होतं, लेकीच्या तोंडून. आणि "बरं" म्हणाले होते. त्यांना विनोद पुरता कळला होता. 

मशीनचं कौतुक लवकरच सरलं. त्यावर टॉवेल वाळायला लागले. मग मॅडमना त्या जागी झोपाळा हवा झाला. भंगारात द्यायला जीव होईना, म्हणून त्यांनी दान करायचं ठरवलं. आमच्या तालमीला, तिच्याबद्दल माझ्याकडूनच ऐकलेलं होतं. भाऊ स्वतः बाणेरला आले. मशीन बघून हरखले. "तालमीला शोभा येईल. तुमच्या नावाची पाटी लावू, उद्घाटन करू." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि हे मशीन आलं की तुझी दुपार पक्की. समितीत ठराव करून देतो."

मला जे हवं होतं ते समोर ठेवलेलं होतं. नुसतं मान हलवायचं काम होतं.

मॅडम म्हणाल्या, "तूच घेऊन जा. तुला माहितीच आहे जिन्याने कसं न्यायचं."

साहेब म्हणाले, "वडिलांनाही आण ना सोबत. त्यांचा अनुभव."

भाऊ हसले. भाऊंना आप्पांचा खांदा माहीत आहे. त्याच गल्लीत राहतात. तरी हसले.

  मी मॅडमकडे बघून म्हणाले, "हे वझं तुझं आहे. तू उचल."

मशीन राहिलं बाजूला. मॅडमचा चेहरा पांढराफटक. "तू? मला तू म्हणालीस?"

पहिल्या दिवसापासून त्या मला अगं-तुगं करत होत्या. मी वयाने त्यांच्याएवढी. ते कुणाच्या कानाला टोचलं नव्हतं. माझा एक 'तू' मात्र अख्ख्या फ्लॅटला लागला.

"हो. तू."

"एवढा माज?" साहेब उठून उभे राहिले.

"खांद्यातच आहे," मी म्हणाले. चपला घातल्या. पाण्याचा भरलेला जार दाराशी होता. तो ओलांडून बाहेर पडले.

म्हणून इथून पुढे 'मॅडम' नाही. ती. तिने ग्रुपवर माझ्याबद्दल लिहिलं, माझी आणखी कामं गेली. माणसं लावून तिने मशीन तालमीत पोचवलं. आता ते बार ठेवायच्या जागी उभं आहे, वर तिच्या नावाची पाटी. बायकांची दुपार बंद. भाऊंनी नवी पाटी लावली: 'दुपारी तालीम बंद राहील. विनाकारण चौकशी करू नये.' काही बायका माझ्यावरच चिडल्या. एक म्हणाली, "एक मशीन उतरवलं असतं तर तुझं काय झिजलं असतं?" तिचा राग मला कळतो. तरी पुन्हा विचारलं तर पुन्हा हेच करेन.

उरलेल्या आम्ही माझ्या चाळीच्या गच्चीवर येतो. ऊन भाजतं. खालचे कुरकुर करतात. आप्पा बऱ्या हाताने दाभण चालवून पोती शिवतात, आत वाळू. वाळूचं पोतं हातात स्थिर राहत नाही, जीव काढतं. नसीमभाभी ते छातीशी धरून उठते, स्वतःच खाली ठेवते. हे छान आहे असं मी म्हणणार नाही. आमची जागा तालमीत आहे. ती आमच्याकडून घेतलेली आहे.

तालमीची वार्षिक सभा जवळ आली आहे. मी जाणार. सभासद नाही म्हणून दारात अडवतील, तर दारातून बोलणार. दुपार मागणार, ह्या वेळी लेखी. आणि ती जुनी पाटी उतरवा म्हणणार. हसतील. हसू देत. मला विनोद चांगला कळतो.

गच्चीच्या दारावर मी खडूने पाटी लिहिली. 'वजने उचलणाऱ्याने जागेवर ठेवावीत. येथे हमाल राहतात. ते कुणी ठेवलेले नाहीत.' आप्पांना वाचून दाखवली. ह्या वेळी ते "बरं" म्हणाले नाहीत. लांबून, जवळून, दोनदा बघितलं.

"अक्षार बारीक हाय," म्हणाले. "रस्त्यावरनं दिसाय पायजे."

रंगाचा डबा आणलाय. अक्षर मोठं काढणार आहे. तालमीच्या भिंतीवर.