थांबलेली पूजा

आज खंडेनवमी. लॅपटॉपला झेंडू वाहिला आणि त्या वासासरशी मी कित्येक वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला, कुपवाडच्या वर्कशॉपात पोचले.

तिथल्या जुन्या डॉसच्या कॉम्प्युटरवर तेव्हाचा नवाकोरा प्रोग्राम चालवायचाच, असा हट्ट मी धरला होता. कंपाइल, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणं, सुरू होतं; काळ्या पडद्यावर ओळी सावकाश सरकत होत्या. तेवढ्यात मालक, फौजेतून परतलेले आबा, पूजेचं ताट घेऊन आले. पूजा झाली की यंत्र दिवसभर बंद, हा तिथला नियम.

“आबा, मधेच बंद केलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून!”

“मग हुंदे की पुरं. काम करत्याला मधीच उठवू न्हाई,” म्हणत आबा निरांजनाला हाताचा आडोसा करून उभेच राहिले. प्रोग्राम चालला, मगच मॉनिटरला कुंकू लागलं.

आज लॅपटॉपवरचं कंपाइल निरांजनासाठी काडी ओढेपर्यंत झालं. तरी ताट धरून मी जराशी थांबले.