लाल दोऱ्याच्या लोंब्या

ते प्रकरण इतकी वर्षं झाली तरी डोक्यातून जात नाही. लढाईची सालं होती. खालापूरहून बदली होऊन मी कर्जत ठाण्यात जमादार म्हणून आलो होतो. शिक्षण तिसरी, पण हातचा गुन्हेगार सुटत नाही याचा ताठा मोठा.

कडावच्या अलीकडे सरकारनं भाताच्या संशोधनासाठी शेत घेतलं होतं. कमी पावसात तग धरणारं बी काढायला एक तरुण साहेब तिथं राबत होते. दसऱ्यानंतर मुंबईहून समिती येणार होती. निवडलेल्या लोंब्या बघून पुढच्या सालचं अनुदान द्यायचं, नाहीतर शेत बंद करायचं, असा हुकूम होता. दसरा झाला आणि साहेब ठाण्यात आले.

"जमादार, निवडलेल्या सगळ्या लोंब्या कुणीतरी कापून नेल्या. खुणेला मी लाल दोरा बांधला होता."

फिर्याद घेतली, पंचनामा केला. पोलीस पाटील कानाशी लागला, "राखणदाराला धरा. डोंगरावरच्या ठाकूरवाडीतला हाय, दुसरं कोन असनार?"

मला तेवढं पुरलं. शेताच्या म्हाताऱ्या राखणदाराच्या झोपडीच्या झडतीत काही निघालं नाही, तरी त्याला ठाण्यात आणला. विचारलं, गप्प. दम दिला, गप्प. मग मी कानफटात दिली.

"लोंब्या कुठं हायत रं?"

त्यानं गाल चोळला. "जमादारसायब, तुमी खरंच इचारताय?"

"मग काय थट्टा करतोय?"

"मला वाटलं, मी सांगतो का नाय ते बघताय. वर बघा की."

ठाण्याच्या चौकटीला दसऱ्याचं तोरण होतं. आंब्याची पानं, झेंडू आणि मधे नव्या भाताच्या लोंब्या. प्रत्येकीला लाल दोरा.

आमच्याकडं दसऱ्याला दारावर नवं भात बांधतात. कुणाच्याही शेतातली मूठभर लोंबी घेतली तरी तिला चोरी म्हणत नाहीत. हवालदाराला हाक मारली. तो शांतपणे म्हणाला, "मीच आनल्या. दोरा बघून वाटलं, सायबानं पूजा केलेल्या हायत. मग सगळा गाव तितनंच घेऊन गेला. तुमच्या घरी वैनींना मीच दिल्या."

"राखणदारानं अडवलं नाय?"

"नको नको म्हनत होता. मी गप केला."

साहेबांना बोलावून तोरण दाखवलं. ते म्हणाले, "उतरवून द्या. समितीपुढं निदान ठेवता तरी येतील."

घरचं तोरण काढायला गेलो तर बायको दारात आडवी उभी राहिली. "सरकारचं असंल, आता देवाचं हाय. हात लावायचा नाय." मी मुकाट्यानं परत फिरलो; बाकी गावातही मग मागायची सोय उरली नाही. ठाण्याचं तोरण तरी उतरवायचं होतं. पण ते उतरवलं असतं तर चोरीचा माल पोलिसांच्याच दारावर सापडला, असा बभ्रा झाला असता. तेवढ्यासाठी मी हात वर केला नाही. म्हाताऱ्याला सोडताना कागदावर 'पुरावा नाही' असा शेरा लिहवून घेतला. पुरावा डोक्यावर लोंबत होता.

समिती आली. शेतावर लोंब्यांसाठी मांडलेली रिकामी ताटं बघून त्यातल्या वडीलधाऱ्यानं विचारलं, "दाखवण्यासारखं काय आहे?"

"काही नाही," साहेब म्हणाले. आमचं नाव त्यांनी काढलं नाही. नंतर समितीनं ठाण्याच्या पडवीत चहा घेतला आणि अनुदान बंद करायचं तिथंच ठरवलं. मी कप पुढं करत होतो. साहेब एकदाच वर बघून खाली बघू लागले.

पुढं कितीतरी झडत्या घेतल्या. दर वेळी निघताना नजर आधी आपल्याच चौकटीवर जायची. त्या लोंब्या मात्र दिवाळीच्या आतच संपल्या. सरकारनं सालोसाल पोसलेलं बी चिमण्यांनी आमच्या दारात बसून खाल्लं, आणि मी खुर्चीत बसून ते बघितलं.