फळी वाजली नव्हती

गोल झालाच नव्हता. मी 'गोल!' म्हणून ओरडलो, एवढंच झालं होतं.

आता हॉकीच्या मैदानावर दर पाच मिनिटांनी कुणी ना कुणी उगाच ओरडतो, त्यासाठी कुणी कुणाला फासावर देत नाही. पण माझ्या शेजारी मामा बसले होते, आणि मामांना त्या मैदानातलं जे काही दिसायचं ते माझ्या तोंडातून दिसायचं. मी ओरडलो आणि मामा ताडकन उठले. पासष्टीचा माणूस, एरवी जिना चढताना कठडा सोडत नाही, तो दोन्ही हात वर करून नाचायला लागला. पुढच्या बाकावर एक अनोळखी गृहस्थ होते. त्यांच्या टकलावर मामांनी आनंदाने दोन चापट्या मारल्या.

गृहस्थ मागे वळले. भले होते बिचारे. म्हणाले, "अहो काका, बाहेर गेला बॉल. जाळीला बाहेरून लागला."

मामांचे हात वरच राहिले. मग एक खाली आला, मग दुसरा. मागच्या रांगेत हशा पिकला. मामांनी बाक चाचपला आणि बसले.

"फळी वाजली नव्हती," ते हळूच म्हणाले.

"मामा, मला वाटलं..."

"वाजली नव्हती. मला कळलं होतं रे. पण तू म्हणालास ना."

चारचौघांत शिवी हासडली असती तर परवडलं असतं.

ही फळी म्हणजे गोलच्या आत, मागच्या बाजूला असते ती. गुडघ्याएवढी उंच, लाकडाची. बॉल आत गेला की तिच्यावर आदळतो आणि 'धाड्' असा आवाज येतो. बाहेरून जाळी हलली तर आवाज येत नाही, नुसती जाळी फुगते, आणि आमच्या कोपऱ्यातून ते हुबेहूब गोलसारखं दिसतं. म्हणजे डोळे असलेल्या माणसाला दिसतं. मामा फसले नसते.

मामा शिलाई मशीन दुरुस्त करतात. गिऱ्हाईक मशीन टेबलावर ठेवतं आणि काय काय बिघडलंय याची रडकथा सुरू करतं. मामा त्याला हाताने गप्प करतात, चाक दोनदा फिरवतात, मान तिरकी करून ऐकतात आणि सांगतात, "शटल एका बाजूने झिजलंय," किंवा "सुई उलटी बसवलीत, वहिनी." पूर्वी ऐकताना डोळे मिटायचे. "आता तेवढे कष्ट वाचले," असं स्वतःच म्हणतात आणि स्वतःच हसतात. डोळ्यांच्या नसा सुकत चालल्यात. डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते जपा. आधी कडा गेल्या. मग नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं उरलं. मग नळीतही धुकं शिरलं. सगळ्यात आधी हरवला तो हॉकीचा बॉल. सकाळी दुकान उघडलं की मामी सात-आठ सुयांमध्ये दोरे ओवून ठेवते, टाका तपासायला दिवसभर तेवढ्या पुरतात.

हॉकीचं वेडही या दुकानातूनच लागलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी कारखान्याच्या संघाच्या गोलकीपरचं पॅड सामन्याच्या दिवशीच उसवलं. ते मामांनी पट्ट्यासकट शिवून दिलं आणि आपला टाका टिकतो का बघायला मैदानावर गेले. टाका टिकला. संघ चार गोलने हरला. "तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं," असं मामी म्हणते.

मी नोकरीसाठी या शहरात आलो आणि मामांच्या दुकानामागच्या खोलीत पथारी टाकली. दिवसभर कुरिअरच्या ऑफिसात पाकिटांवर शिक्के, आणि दर रविवारी मैदान. मी मामांचा डोळा झालो. शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मला तीनदा मिळालं होतं, त्याचा मामांना फार त्रास झाला. मी सुरुवात करायचो, "आणि आता विजेच्या वेगाने, वाऱ्याशी स्पर्धा करत..." की मांडीवर चिमटा बसायचा.

"वीज-वारा घरी ठेव. डावीकडून की उजवीकडून, तेवढं बोल."

"डावीकडून."

"कोण?"

"तो, लांब केसांचा."

"मग असं सांग ना, भाचेबुवा. डोळ्यांत तेल घालून बघ जरा."

"कुठलं तेल? मशीनचं?"

"तेच घालीन एक दिवस."

हा मोसम मात्र काय सांगावा. ओळीने आठ सामने हरलो. आमच्या गोलकीपरला मामांनी 'दरवाजा' नाव ठेवलं, कारण तो येईल त्याला उघडाच. मामी रविवारी दाराशी उभी राहून म्हणायची, "अहो, हरायचंच असेल तर तिकीट कशाला काढता? घरी माझ्याशी भांडा, फुकटात हराल." मामा बुटांच्या नाड्या बोटांनी शोधत म्हणायचे, "तुझ्याशी हरून आता मजा येत नाही."

शेवटच्या सामन्याआधी मात्र कुणी थट्टा केली नाही. हा जिंकला तर संघ वरच्या गटात राहणार होता. बरोबरीही पुरणार नव्हती. खालच्या गटात गेला तर त्या गटाचे सगळे सामने दुसऱ्या शहरात होतात, दिवसभराच्या प्रवासावर. कारखान्याने तर फाटकावर कागदच लावला होता, की संघ खाली गेला तर हे मैदान गोदामासाठी देऊन टाकू. दुकानाच्या पायरीपासून त्या फाटकापर्यंतचा रस्ता मामांच्या पायांना पाठ होता. कुठे गटाराचं झाकण हलतं, कुठे भिंत संपते, सगळं. मामा कुणाचा हात न धरता जाऊ शकतील अशी घराबाहेर ती एकच जागा उरली होती.

तर अशा सामन्यात, एक-एक अशी बरोबरी असताना, चार मिनिटं बाकी असताना, पेनल्टी कॉर्नरला मी तो पराक्रम केला.

त्यानंतर माझी दातखीळ बसली. उचलली जीभ लावली टाळ्याला, ती टाळ्यालाच चिकटली. मान खाली घालून मी माझ्या चपलांकडे बघत बसलो. उजव्या चपलेचा अंगठा सुटत आला होता, तो मी फार बारकाईने पाहिला. मामांनी एकदा विचारलं, "कुणाकडे आहे?"

"आपल्याकडे," मी बघितल्याशिवाय म्हणालो.

"डावीकडे?"

"हं."

मग कधीतरी 'टण्' झालं आणि सगळी माणसं एकदम उभी राहिली. 'हाऽऽ' असा मोठा आवाज झाला आणि अर्ध्यातच विरला. मामांनी माझं मनगट करकचून धरलं.

"काय झालं?"

मी वर बघितलं तेव्हा आमचा एक खेळाडू डोक्यावर हात धरून उभा होता, आणि दोघं जमिनीवर बसले होते.

"काही नाही," मी म्हणालो.

भोंगा वाजला. माणसं निमूट उठून जायला लागली. पुढचे टकलू गृहस्थ जाताना मामांच्या खांद्यावर थोपटून गेले. मामा रस्ताभर माझ्या दोन पावलं पुढेच चालले, हलणारं झाकण बरोबर चुकवून.

मामीने आमची तोंडं पाहिली. "हरलात?"

"बरोबरी."

"मग..." ती म्हणाली, आणि पुढचा टोमणा तिने गिळला. दोन कप चहा आमच्यासमोर ठेवला आणि आत गेली. ती टोमणा गिळते म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

पुढच्या रविवारी चार वाजता मामांनी बूट घातले. नाड्या बांधल्या. आणि दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले.

"कुठे निघालात?" मामीने विचारलं.

"कुठे नाही. पायांना सवय आहे."

तासाभराने त्यांनी बूट काढले, आणि काढता काढता मला हाक मारली.

"ये इकडे. ती शेवटची चार मिनिटं सांग."

"जाऊ द्या ना, मामा."

"जाऊ द्या काय? अठ्ठावीस वर्षं पाहिलं, शेवट तेवढा राहिलाय. तो आवाज फळीचा नव्हता. खांबाला लागला बॉल. लोखंडाचा आवाज होता. मारला कुणी?"

माझ्यातला बक्षीसवाला वक्ता लगेच जागा झाला. "कप्तानाने! उजवीकडून आत घुसला, एकाला चकवलं..."

मामांची मान तिरकी झाली. मशीनचं चाक फिरवताना होते तशी. मी मध्येच थांबलो.

"डावीकडून आला आवाज," ते म्हणाले.

"हो, डावीकडून."

"तू बघत नव्हतास."

"नव्हतो, मामा."

ते रागावले नाहीत. हातातला बूट त्यांनी दुसऱ्याच्या शेजारी नीट ठेवला, टाचा जुळवून. "कुणीतरी पाहिलंच असेल," म्हणाले. "विचारून ठेव. घाई नाही. पुढचा सामना आहेच कुठे आता."

मी गेलो होतो विचारायला. वर्तमानपत्रात तीन ओळी आल्या होत्या, त्यात नुसता निकाल. मैदानावर जाळ्या उतरवलेल्या होत्या, फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. गवताला पाणी घालणारा माणूस भेटला. तो म्हणाला, "शेवटी मी पाइप गुंडाळत होतो. आवाज ऐकला, पण पाहिलं नाही." तिकीट खिडकीवाल्याने तर खिडकी बंद करून तेव्हाच घर गाठलं होतं. टकलू गृहस्थ कुठे राहतात कुणाला माहीत नाही.

हे मी मामांना सांगितलेलं नाही. संध्याकाळी कामावरून आलो की ते कुणाच्या तरी मशीनला तेल देत बसलेले असतात. हात न थांबवता विचारतात, "कळलं का काही?"

"अजून नाही," मी म्हणतो, आणि चपला काढतो.