बर्फात अडकलेली गाडी आणि आईचं मीठ

मंडळी, आज सकाळी गावी, वटारला, घरी चहा घेत होतो, तेवढ्यात कॅनडाहून बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिला हॉस्पिटलची रात्रपाळी गाठायची होती आणि गाडीची चाकं बर्फावर जागच्या जागी फिरत होती.

आईने मूठभर मीठ आणलं आणि फोनभोवती ओवाळून तिची दृष्ट काढायला लागली.

"आई, मीठ इथे चाकाखाली हवंय गं!" बहीण वैतागली.

"मग लोणच्यासाठी दिलेलं खडेमीठ कुठंय?"

बहिणीने घरातून खडेमिठाची बरणी आणून चाकांपुढे रिकामी केली. थोड्या वेळाने गाडी निघाली.

तरी आईने मुठीतलं मीठ चुलीत टाकलंच. म्हणाली, "गाडी निघाली रे. पण पोर तिथे एकटी आहे, त्याचं काय?"

 मंडळी, तुमच्याकडे आहे याचं उत्तर?