म्हातारी माशी घरात येते

त्यांचं नाव मी विचारलंच नाही. दाभोळच्या खाडीत फेरीबोट संथ चालली होती, ऊन उतरलं होतं. शेजारी साठीपुढचे एक गृहस्थ बसले होते. पायाशी मधमाश्यांची पेटी, मांडीवर तान्ही नात. पेटीच्या गुणगुणीने ती झोपली होती, आणि माझेही डोळे जड झाले होते.

"चावत नाहीत ना?" मी पेटीकडे बघत विचारलं.

"दाराला जाळी आहे हो," ते हसले. मग नातीला थोपटत, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "तरुण माशी घरात पिल्लांना भरवते, वय झालं की बाहेर हिंडते. पण घरात भरवणारं कोण उरलं नाही, तर म्हातारी माशी परत आत येते. अंगातले हार्मोन फिरतात, मेंदू बदलतो, डोक्यातल्या ग्रंथींत आटलेलं दूध पुन्हा उतरतं."

बोटीचा भोंगा वाजला. नात रडत उठली. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून दुधाची बाटली काढली, मनगटावर थेंब टाकून बघितला.

"हिचे आईबाप मुंबईला कामावर. घरी आता मीच," ते म्हणाले. "माझा जन्म जहाजावर गेला हो. हिच्या बापाला मी पहिल्यांदा बघितलं, तेव्हा तो मला घाबरून आईच्या पदराआड पळाला."